हळवे भात आणि नवे लिनक्स

माहुलीच्या सुळक्यांवर रेंगाळणारे ढग उतरले की शहापूरच्या कचेरीचे आवार हळूहळू रिकामे होऊ लागते. श्रावणात ज्या व्हरांड्यात उभे राहावयास जागा नसते, तेथे दसऱ्यानंतर कुत्री निवांत पाय पसरून झोपतात. वाद मिटलेले नसतात. वादी आणि प्रतिवादी मात्र विळे घेऊन आपापल्या शेतात वाकलेले असतात. बाजारपेठेत धार लावणाऱ्याचे चाक फिरू लागते, त्याच्या ठिणग्या भर उन्हातही दिसतात, आणि दुपारच्या वाऱ्यावर पिकल्या भाताचा वास कचेरीपर्यंत चालत येतो. हा वास नेमका कसा, हे शब्दांत बसवणे माझ्यासारख्या, ज्याचे पोट शब्दांवरच आहे अशा माणसालाही आजवर साधलेले नाही. थोडा तापलेल्या गवताचा, थोडा दुधाचा, थोडा धुळीचा, इतकेच नमूद करतो.

परवा सकाळी नेहमीप्रमाणे टेबल मांडले, संगणक सुरू केला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक नम्र निरोप उमटला. नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, स्थापित करावयाची का? उत्तर देण्यासाठी हात पुढे केला आणि त्याच क्षणी तो वास आला. हात तसाच राहिला. ज्या कापणीच्या दिवसांत हे नवे लिनक्स माझ्या टेबलावर प्रथम आले, ते दिवस त्या वासाच्या पाठोपाठ आले आणि समोरच्या बाकावर येऊन बसले.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण म्हणावे तर नववीपर्यंत. परंतु शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांत माझे टेबल मानले जाते, हे मी सांगण्यापेक्षा लोकांनी सांगितलेले बरे, आणि ते सांगतातही. अधिकारी आले आणि बदलून गेले. अर्जाची पहिली ओळ वाचून हा कोणी लिहिला, हे त्यांतील फार थोड्यांना विचारावे लागले. टंकलेखनयंत्रावर माझी बोटे चालू लागली की शेजारचा चहावाला म्हणत असे, "आली पावसाची सर." पुढे संगणक आला, तरी मी तीच जुनी कळफलक-पद्धत त्यावर बसवून घेतली आणि सर थांबू दिली नाही. त्या संगणकावर, त्याला चालवणारी प्रणाली म्हणून, पहिल्यापासून लिनक्सच होते. कल्याणच्या एका दुकानदाराने ते घालून दिले होते, आणि ते विकतचे नाही एवढेच मला त्याच्याबद्दल ठाऊक होते.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता ते जुने लिनक्स थकल्याचे निदान संगीताताईंनी केले. संगीताताई वाशिंदच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल पाहतात. त्यांच्या वडिलांच्या जमिनीचे अर्ज मी लिहिले होते, तेव्हापासून त्या मला भाऊ म्हणतात.

"भाऊ, याला सुधारणा यायच्या बंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "चालतंय तोवर चालेल. पण एक दिवस छापता छापता बसेल. दुसरं घालू या."

"दुसरे म्हणजे विकतचे?"

"दुसरं लिनक्सच. लिनक्स एकच थोडंच आहे? आपल्याकडे भाताचे वाण असतात ना, तसे याचे वाण आहेत. मूळ तेच. पण जो तो आपल्या रीतीने निवडतो, जोपासतो आणि वाटतो."

"यावर मालकी कोणाची?"

"कुणाची नाही. नाहीतर सगळ्यांची म्हणा."

"मग काही बिघडल्यास तक्रार कोणाविरुद्ध दाखल करायची? गैरअर्जदार कोण?"

संगीताताई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. माझा प्रश्न मात्र गंभीर होता. ज्या वस्तूविरुद्ध अर्ज करता येत नाही, ती वस्तू माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने अधांतरीच म्हटली पाहिजे.

तरीही वाणाची गोष्ट मला पटली. मुरबाडच्या वाटेवर सरळगावाजवळ आमचे घर आणि थोडे शेत आहे. कापणीच्या आधी आमच्या सौभाग्यवती एकट्या शेतात फिरतात आणि भरदार लोंब्या तेवढ्या खुडून वेगळ्या ठेवतात. त्या बाकीच्या भाताबरोबर झोडायच्या नाहीत, दळायच्या तर नाहीतच. शेजारी बियाणे मागायला आला तर ते विकायचे नाही, मापाला माप घेऊन बदलायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. कोणी तरी, कुठल्या तरी दूरच्या देशात, असेच बियाणे निवडून सर्वांसाठी ठेवले आणि ते हातोहात फिरत वाशिंदमार्गे माझ्या टेबलापर्यंत आले, ही कल्पना मला भारदस्त वाटली.

एका रविवारी, कचेरीला सुट्टी असताना, संगीताताईंनी नवे लिनक्स घातले. आधी ते पेनड्राइव्हवरून नुसते चालवून दाखवले. आवडले तर ठेवा, नाही तर जुने जागच्या जागी आहे, असे त्या म्हणाल्या. भाताचा व्यापारी पोत्यातले चार दाणे तळहातावर चोळून दाखवतो, तसे ते मला वाटले. मी चष्मा पुसला आणि अधिकाऱ्याच्या गांभीर्याने पाहणी केली.

पहिली गोष्ट, ते लवकर जागे झाले. पूर्वी कळ दाबून मी चहा सांगत असे आणि चहा संपल्यावर पडदा उजळत असे. आता चहा यायच्या आधीच यंत्र हात जोडून उभे. दुसरी गोष्ट, त्याची मराठी. "कचरापेटी रिकामी करायची का? ही कृती मागे घेता येणार नाही." इतके स्वच्छ आणि जबाबदारीचे वाक्य मला कचेरीच्या कोणत्याही खिडकीवर ऐकावयास मिळालेले नाही. तिसरी गोष्ट, काही बदल करू म्हटले की ते गुप्तशब्द विचारी. टेबल माझे, यंत्र माझे, आणि मलाच ओळख पटवावयास लावते, म्हणून प्रथम राग आला. मग विचार केला, जे मालकालाही विचारल्याशिवाय आत सोडत नाही, ते परक्याला काय सोडणार? चौथी गोष्ट, छपाईयंत्र त्याने आपले आपण ओळखले. तारेला हात लावायच्या आत पान बाहेर.

पडद्यावर बर्फाच्छादित डोंगराचे चित्र होते. तो डोंगर आमच्या अधिकारक्षेत्रातील नव्हता. संगीताताईंनी त्यांच्या मोबाइलमधले माहुलीचे चित्र काढून तेथे लावून दिले आणि मग ते यंत्र मला आपले वाटू लागले.

अडचण कळफलकाची झाली. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची आणि अक्षर मागून आणायचे. हात तसे घडलेले होते. या नव्यात तोंड जसे बोलते तसेच बोटांनी चालायचे, अक्षर आधी, वेलांटी नंतर, आणि कळांच्या जागाही निराळ्या. शिवाय माझे जुने मसुदे उघडले तर पडद्यावर परकी अक्षरे आणि खुणा यांचा नुसता भुसा पडला. बांधावरून अडथळा, सामायिक विहीर, नावाची नोंद, सर्व प्रकारच्या प्रकरणांचे घोटून तयार केलेले मसुदे. नाव आणि गाव बदलले की अर्ज तयार, अशी माझी पद्धत होती आणि तिच्यावर माझी सर अवलंबून होती.

"घाबरू नका, मसुदे आहेत तिथंच," संगीताताई म्हणाल्या. "जुना फाँट आणावा लागेल. पुढच्या रविवारी आणते. तोवर नवीन लिहीत जा."

मी संमती दिली. कापणीचे दिवस होते, आठवडाभर कोण येणार होते?

दुसऱ्याच दिवशी हिराबाई आल्या.

किन्हवलीकडच्या एका पाड्यावरून पहिल्या जीपने त्या आल्या होत्या. पदर खोचलेला, पायांना शेतातली माती तशीच. बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"भाऊ, माजं भात हळवं हाय. पिकून पार वाकलंय. आज-उद्या कापलं नाय तर दाना खाली, नि वरनं पाऊस आला तर सगळंच खाली. नि कालूभावजीनी वाटंवर काटी टाकलीत. खळ्यावर भारं न्यायचं कुठनं? आबाळातनं?"

हळवे भात लवकर पिकते, आणि पश्चिमेला ढग होता हे खरे. फार मोठा नव्हता. पण परतीच्या पावसाला मोठे असावे लागत नाही. दुपारी अर्धी घटका आला तरी तो उभे भात आडवे करून जातो आणि लोंबीतच कोंब फुटतात.

काळूराम हे हिराबाईंच्या दिवंगत यजमानांचे चुलत भाऊ. दोघांची शेते लागून. हिराबाईंच्या शेतातून रस्त्यावर येणारी वाट काळूरामच्या बांधावरून जाते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच आहे. ती कोणी काटेरी फांद्या टाकून अडवणे, हे काही मला नवीन नव्हते. अशा अर्जाचा मसुदा माझ्याकडे इतका तयार होता की चहा गार व्हायच्या आत मी तो छापून दिला असता. तो मसुदा त्या क्षणी भुशात पडला होता.

आणि काळूराम? तेही तेथेच होते. पाड्यावरून सकाळी एकच जीप सुटते. दोघे त्याच जीपने आले होते, एकमेकांकडे पाठ करून. हिराबाईंचा अर्ज झाला की आपला जबाब लिहून घ्यायचा, म्हणून ते चहावाल्याच्या बाकावर बशीतून चहा पीत बसले होते. हे वाचून शहरातील वाचकांस आश्चर्य वाटेल. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे कागद एकच अर्जनवीस लिहितो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. लेखणी निःपक्षपाती असली म्हणजे झाले.

मी कोरे पान उघडले आणि नव्या कळा शोधू लागलो. एकेक अक्षर मोठ्याने उच्चारल्याशिवाय बोट पडेना. "अ... र्ज... दा... र..." ज्याच्या बोटांना लोक सर म्हणत, त्याच्या टेबलावर आता पागोळी गळत होती. शेजारच्या टेबलावरचे लेखनिक वर पाहू लागले. चहावाल्याने विचारले, "काय भाऊसाहेब, बालवाडी चालू केली काय?" हिराबाई मात्र माझ्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. एक शब्द पुरा झाला की मान हलवत, जणू त्याच तो मोजून घेत होत्या.

"गै... र... अर्जदाराने... दां... ड... गा... ई... करून..."

"ओ रायटरसायब!" बाकावरून आवाज आला. "दांडगाई कुठं केली मी?"

"ही कायद्याची भाषा आहे," मी म्हणालो. "असे लिहिण्याचा प्रघात आहे."

"परघात असंल. पन मी काटी टाकली ती भर दुपारची, भाकर खाऊन. बांधावर चिटपाखरू नव्हतं. दांडगाई करनार कुनाबरोबर? बांधाबरोबर?"

चहावाला हसला. हिराबाईंनी हसू दाबले, पण ते पदराबाहेर आलेच. मी 'दांडगाई करून' खोडले. खोडायलासुद्धा योग्य कळ शोधावी लागली. पुढे प्रघाताप्रमाणे धमकीचे वाक्य होते, तेही मी उच्चारू लागलो. या वेळी हिराबाईंनीच माझ्या टेबलावर हात आपटला.

"जिवे मारीन असं कवा बोलला तो? नाय हां भाऊ, तसं नको लिवू. उद्या त्याच्या पोरीच्या लग्नात मला हळद लावायला जायचंय."

"बघ," काळूराम म्हणाले. "वयनीच बोलली."

"तू गप रे. काटी तूच टाकलीस ना?"

"टाकली. सांग ना मग रायटरसायबाला, कशाला टाकली ते. गेल्या साली तुज्या ट्रॅक्टरनी माजे वाल तुडवले ते सांग."

"माजा ट्रॅक्टर? भाड्याचा होता तो. डायवर शेनव्याकडचा, त्याला वाट म्हायती नाय."

"वाल तर माजे होते ना? नुसते दोन पानांवर आलेले. तू एक शब्द बोललीस?"

"मला कुनी सांगितलं? तुज्या तोंडाला काय टाळं होतं?"

"रोज त्याच वाटंनं जातेस. डोळं मिटून जातेस काय गो वयनी?"

भात निघाल्यावर त्याच ओलीवर आमच्याकडे वाल टाकतात. रोपे लहान असताना चाकाखाली गेली की त्या वर्षीची वालाची डाळ गेलीच. हे हिराबाईंना सांगावे लागले नाही. त्यांनी ढगाकडे पाहिले. काळूराम यांनीही पाहिले. मी बोटे कळफलकावर ठेवून होतो, पण पुढचे अक्षर शोधत नव्हतो. माझ्या आयुष्यात असा प्रसंग क्वचितच आला असेल की मी लिहावयास बसलो आहे आणि लिहिण्याजोगे काय आहे हे समोरच्यांनाच अधिक ठाऊक आहे.

"ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा करीन," हिराबाई म्हणाल्या. "शेतात नाय आननार."

"मग काटी उचलतो."

"उचलशील रे. पन भारं डोक्यावरनं न्यायला मानसं कुठनं आनू? जो तो आपल्या शेतात. मी एकली किती फेऱ्या मारनार?"

काळूराम यांनी बशी उलटी करून शेवटचा थेंब जमिनीवर झटकला.

"माजं भात गरवं हाय. अजून हिरवं. मी नि माजी बाय येतो उद्या. मग माज्या वेळंला तू ये."

"येनार नाय तर काय," हिराबाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, ऱ्हाऊ दे आता."

पडद्यावर मी शेवटचा शब्द उमटवला होता, 'सबब'. सबब म्हटले की पुढे प्रार्थना येते, अर्जदारास काय हवे ते येते. ते यायच्या आतच अर्जदार आणि गैरअर्जदार आवाराबाहेर पडले. परतीच्या जीपला वेळ होता. दोघे बाजारात विळा धारेला लावायला गेले, यावेळी पाठ न करता. मी बसून राहिलो. त्या दिवशीचा व्यवसाय बुडाला होता, हे खरे. पण चहावाला आपणहून चहा घेऊन आला आणि बालवाडीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर एका दुपारी मी मुरबाडकडे निघालो होतो. किन्हवली मागे पडल्यावर डावीकडच्या शेतातून, बांधाच्या वळणाने, भाताचे तीन भारे एकामागून एक चाललेले दिसले. खालची माणसे भाऱ्यांखाली झाकलेली होती. पिवळे भारे आपल्या आपण चालत आहेत असे वाटे. ते कोणाचे, हे मी जीपमधून खात्रीने सांगू शकणार नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट मी नमूद करीत नाही. मागच्या ढगाने त्या दिवशी नुसती सावली टाकली आणि तो घाटाकडे निघून गेला.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी संगीताताई जुना फाँट घेऊन आल्या. भुशाचे पुन्हा दाणे झाले, माझे सर्व मसुदे पडद्यावर सुरक्षित उभे राहिले. मी ते एकेक करून उघडले. प्रत्येकात दांडगाई होती, प्रत्येकात धमकी होती, आणि सर्व वाक्ये अत्यंत रेखीव होती.

"आणि भाऊ, तुमची जुनी कळफलक-पद्धत पण यात आहे. एका टिचकीचं काम. लावून देऊ का?"

माझ्या बोटांना त्या आठवडाभरात जो अपमान सोसावा लागला होता, तो पाहता होकार द्यावयास हवा होता.

"असू द्या," मी म्हणालो. "बोटांना नवीन वळण लागू पाहत आहे."

आता बोटे पुन्हा धावतात. सर पूर्वीइतकी नसेल, पण पागोळी राहिली नाही. परंतु अक्षरे उच्चारण्याची सवय गेली नाही, किंवा मी जाऊ दिली नाही. शेजारचे लेखनिक म्हणतात, "भाऊसाहेब, यंत्राला पाठ म्हणून दाखवता काय?" त्यांना मी समजावीत बसत नाही. सर्वच गोष्टी सर्वांना समजावण्याची जबाबदारी माझी नव्हे. मात्र अर्ज मोठ्याने तयार होत असला की समोरचा माणूस मध्येच हात वर करतो आणि म्हणतो, तसं नाय झालं भाऊ. मग अर्ज थोडा आखूड होतो.

परवा तो निरोप पडद्यावर थांबलेला असतानाच हिराबाई टेबलाशी आल्या. बाजाराला आल्या होत्या, हातात नवा विळा गोणपाटात गुंडाळलेला. यंदाही त्यांचे भात हळवेच आणि पिकायला आलेले. गुंडाळीतून त्यांनी मूठभर लोंब्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. आमच्या सौभाग्यवतींना बियाण्यासाठी द्या, आणि बदल्यात तुमच्याकडचे पाठवा, असा निरोप सांगितला. मग पडद्यावरच्या माहुलीकडे बघत त्यांनी विचारले,

"भाऊ, माजा तो अर्ज हाय काय रे अजून याच्यात?"

मी धारिका उघडून दाखवली. वर त्यांचे नाव, खाली चार आखूड ओळी, शेवटी 'सबब', आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी उभी रेघ.

"अर्धाच आहे," मी म्हणालो. "नवीन आवृत्ती यायची आहे. आज साफसफाई करणारच आहे. काढून टाकू?"

"नको, ऱ्हाऊ दे," हिराबाई घाईने म्हणाल्या. "कालूभावजीचं काय सांगता येतंय."

चहावाल्याच्या बाकावर बशी वाजली.

"आयकतोय हां मी, वयनी."